राखीव यादीतलं मंगरूळपीर

माझे वडील मंगरूळपीरच्या बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होते. चौकशीच्या खिडकीत बसायचे. लोक गावाचं नाव घेत यायचे आणि बाबा "आहे" किंवा "नाही" सांगायचे. आसेगावची आहे का? आहे, तिकडे लावली. किन्हीराजाची? गेली, आता दुपारी. एवढंच काम, पण ते त्यांनी जन्मभर नेकीनं केलं.

मी पुण्याला काय नोकरी करते हे नातेवाइकांना सांगून सांगून मी थकले, तेव्हा शेवटी हीच खिडकी कामी आली. फोनवर कुणी एखादा पत्ता टाकला, की तो आधी एका चौकशीच्या खिडकीत जातो. खिडकीवाला सांगतो, आहे, अमुक ठिकाणी जा. किंवा सांगतो, असं काही नाही. पत्त्यात शेवटच्या टिंबानंतर जे येतं त्याला आम्ही ऑफिसात शेपूट म्हणतो, आणि प्रत्येक शेपटाची खिडकी वेगळी असते. सगळ्यांच्या ओळखीची शेपटं सगळ्यांना खुली आहेत, हवं ते नाव घ्या. आमच्या संस्थेचं शेपूट मात्र तिचं एकटीचं आहे. बाहेरच्या कुणालाही, कितीही ओळखीचा असो, त्यात नाव मिळत नाही.

संस्था माती आणि पाणी तपासते. शेतकरी मातीचा नमुना देतो, अहवाल त्याच्या फोनवर येतो. मध्ये खोटे अहवाल देणाऱ्यांचं पीक आलं, तेव्हा संस्थाचालकांनी ठरवलं, की ज्या पत्त्याला आपलं शेपूट आहे तोच आपला, बाकी सगळे तोतये. आणि त्या शेपटात कोणतं नाव घालायचं, कोणतं नाही, याची वही माझ्या हाती दिली. वही म्हणजे अर्थात संगणकावरची नोंद, पण मी वहीच म्हणते. त्या वहीची मी एकटी मालकीण होते. साधं पान हलवायचं तरी मला विचारावं लागे. मला ते फार आवडायचं, हे आधीच सांगून टाकते.

आता माझ्या मैत्रिणीबद्दल. ती किन्हीराजाची. तिचे आईवडील दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे आणि बारावीच्या वर्षी तिला मागे ठेवायला जागा नव्हती. बाबांनी तिला बसस्थानकावर पुस्तक घेऊन बसलेली पाहिलं, विचारपूस केली आणि घरी घेऊन आले. परीक्षा होईपर्यंत चार महिने ती आमच्याकडे राहिली. माझ्या ताटाशेजारी तिचं ताट लागलं, माझ्या अंथरुणाशेजारी तिचं अंथरूण. मला आनंदच व्हायला हवा होता, आणि पहिला आठवडा झालाही.

पण ती बोलायची. दूधवाल्याशी, दर्ग्याजवळच्या अत्तरवाल्या चाचांशी, माझ्या आईशी, कुणाशीही. मी दहावीपर्यंत पाहुणे आले की आतल्या खोलीत जायची. बाबा जेवताना म्हणायचे, "थे पोरगी पाह्य, दोन दिसात साऱ्या स्टँडले वळखते. तुले अजून कंडक्टरले सुट्टे मांगता येत नाई." ते हसत म्हणायचे. मला मात्र भाकरी गिळवत नसे. माझे बाबा, माझं स्टँड, आणि कौतुक हिचं.

पुढे आम्ही दोघींनी एकाच दिवशी याच संस्थेत मुलाखत दिली. मला पुणं मिळालं, तिला जिल्ह्यातलं फिरतीचं काम. गावात पेढे माझ्या नावानं वाटले गेले आणि मला वाटलं, आता हिशेब मिटला. मी वातानुकूलित खोलीत आणि ती बांधावर चिखलात. पहिलं वर्ष मी तिच्याशी फार मायेनं बोलायचे. जिंकलेल्या माणसाला माया परवडते.

त्याच वर्षी मी एक गोष्ट केली. वहीत एक राखीव यादी असते. कुणाला द्यायची नाहीत अशी नावं त्यात टाकून ठेवतात. संस्थाचालकांची नावं, शिव्या, फसवायला वापरता येतील असे शब्द. एका रिकाम्या दुपारी मी त्या यादीत माझ्या गावाचं नाव टाकलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं, पुढील उपयोगासाठी. मनात होतं, की कधीतरी संस्था मंगरूळपीरला केंद्र काढेल, मी त्याची प्रमुख होऊन परत जाईन आणि ते नाव माझ्या केंद्राला लावीन. संध्याकाळी बाबांना फोन करून सांगितलंसुद्धा. "बाबा, आपल्या गावाचं नाव मी राखून ठेवलंय. एक दिवस तुम्ही फोनवर टाकाल आणि उघडेल."

"काय टाकाचं थे नीट सांग," बाबा म्हणाले. मी एकेक अक्षर सांगितलं, त्यांनी खिशातल्या डायरीत लिहून घेतलं. मग मी ते विसरून गेले.

केंद्र निघालं, चार वर्षांनी. मी अर्ज केला. साहेब म्हणाले, "तुम्ही गेलात तर वही कोण सांभाळणार?" आणि केंद्र तिला दिलं.

बसस्थानकाच्या समोर, रस्ता ओलांडला की केंद्र. जिथे मी लहानपणी बाबांचा डबा घेऊन जायची, त्याच्या समोर. आईचा फोन आला की बातम्या याच, ती आली होती, सीताफळं देऊन गेली, बाबांना दवाखान्यात दाखवून आणलं, बाबा आता दुपारचे तिच्याच केंद्रात जाऊन बसतात, आलेल्या शेतकऱ्यांना परतीची गाडी कधी ते सांगतात. मी म्हणायचे, बरं झालं. फोन ठेवला की नाकाला मिरच्या झोंबलेल्या असायच्या. माझ्या बापाला दवाखान्यात न्यायला हिला कुणी सांगितलं होतं?

आणि मग तिचा अर्ज माझ्या टेबलावर आला. सकाळी, कामाला बसल्या बसल्या. दोन ओळी होत्या. केंद्राच्या पत्त्यासाठी मंगरूळपीर हे नाव मिळावं. लोकांना गावाचं नाव चटकन टाकता येतं, दुसरं काही लक्षात राहत नाही.

मी अर्ज दोनदा वाचला. तिचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं आणि त्याचाच मला जास्त राग आला. राखीव आहे म्हणून नाकारलं असतं तर तिनं विचारलं असतं, कोणासाठी? म्हणून मी दुपारी जेवून आल्यावर नियमावली उघडली आणि एक नवीन कलम लिहिलं. कोणत्याही केंद्रास गावाचे वा तालुक्याचे नाव दिले जाणार नाही; केंद्रे क्रमांकाने ओळखली जातील. खाली कारण जोडलं, की गावाच्या नावावर एकाच केंद्राचा हक्क दिसू नये. साहेबांनी वाचून मान डोलावली, "छान विचार केलात," म्हणाले. संध्याकाळी मी तिला नकार कळवला, कलमाचा आकडा टाकून. ज्याचं पोट दुखेल तो ओवा मागेल म्हणतात. माझं पोट दुखत होतं आणि मी नियमावली मागत होते.

ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. तिचं उत्तर आलं, "बरं. नियम म्हंजे नियम. कोणता नंबर देतं?" तिचं केंद्र अकरावं होतं, तिला अकरा मिळाला. आणि त्या एका कलमापायी बाकीच्या दहाही केंद्रांची गावाची नावं गेली, नंबर आले. ते लोक काही दिवस कुरकुरले. कुणाचा दोष, त्यांना कुठे माहीत होतं.

माझं ते नाव राखीव यादीत तसंच पडून राहिलं. तुला ना मला, घाल कुत्र्याला, असा सगळा प्रकार. दरवर्षी यादी तपासायची वेळ आली, की प्रत्येक नावापुढे कारण नव्यानं लिहावं लागतं. मी दरवर्षी लिहायचे, पुढील उपयोगासाठी.

नंबर देऊन मी तिला खाली दाबलं अशी माझी समजूत होती. पुढल्या दिवाळीत गावी गेले तर चहाच्या टपरीवर एक म्हातारा दुसऱ्याला सांगत होता, "माती अकराले देऊन ये, थे बाई बराबर सांगते." रिक्षावाले ओरडत होते, अकरा नंबर, अकरा नंबर. तिनं दारावर रंगाऱ्याकडून मोठा अकरा काढून घेतला होता, पोपटी रंगात. गावानं तो आकडा असा उचलला, की जणू बारशाला त्यांनीच ठेवला. मी रिक्षात बसून घरी आले आणि कुणाशी न बोलता बॅग उघडत बसले. हिला काहीही द्या, हिच्या हातात त्याचं सोनं होतं, आणि मी दिलं तरी श्रेय हिचंच.

दोनेक वर्षं अशीच गेली. मग त्या चौकश्या सुरू झाल्या, किंवा तेव्हा माझ्या लक्षात आल्या.

खिडकीवाल्याला फक्त असलेली नावंच दिसत नाहीत, कुणी नसलेलं नाव विचारलं तरी त्याची ओळ उमटते. आमचं शेपूट लहान आहे, त्यामुळे नसलेल्या नावांच्या ओळी मी कधीमधी चाळते. बहुतेक चुकून टाकलेली अक्षरं असतात. पण त्यात एक ओळ रोज होती. सकाळी सात वाजून गेले की कुणीतरी विचारायचं, मंगरूळपीर आहे का? आणि आमची खिडकी सांगायची, असं काही नाही. रोज एकदा. रविवारी पण. कोण विचारतंय ते त्या ओळीत दिसत नाही, कोणत्या फोन कंपनीच्या जाळ्यातून आलं एवढंच दिसतं.

मला शंका यायचं कारणच नव्हतं, खात्रीच होती. तीच असणार. रोज बघत असणार, की मी ते नाव दुसऱ्या कुणाला दिलं का, की स्वतःसाठी उघडलं. चोराच्या मनात चांदणं. एकदा फोनवर मी टोमणा मारलाच, "सकाळी सकाळी उठून काय शोधत असतेस गं फोनवर?"

"मी? सकाळी मी आंघोळीले पाणी तापवून राह्यते. काहून वं?"

"काही नाही," मी म्हटलं, आणि मनात म्हटलं, किती साळसूद. त्यानंतर गावी गेले तरी मी अकरा नंबरची पायरी चढले नाही. तिचा फोन आला तर आईजवळ द्यायचे.

यंदा दसऱ्याला जोडून मी पंधरा दिवस घरून काम घेतलं होतं. सोयाबीन निघालेलं, रस्ताभर काड आणि धूळ. सकाळी मी ओसरीवरच्या टेबलाशी संगणक लावून बसले होते, त्या ओळी समोर उघड्या होत्या. बाबा आंघोळ, पूजा उरकून त्यांच्या खुर्चीत बसले. चष्मा लावला. खिशातली डायरी काढली, ठरलेलं पान उघडून गुडघ्यावर ठेवली आणि डायरीत बघून एका बोटानं फोनवर एकेक अक्षर टाकू लागले.

मी पाहत होते ते सहजच. मग त्यांनी शेवटचं बोट दाबलं आणि माझ्यासमोर ओळ उमटली.

बाबांनी फोन थोडा लांब धरून वाचला, खाली ठेवला. "नाई आली अजून," म्हणाले, स्वतःशीच.

"काय बाबा?"

"थे तुह्यं. मंगरूळपीरचं. तू राखून ठेवलं होतं ना?"

"तुम्ही रोज बघता?"

"रोज. तू म्हटलं होतं येक दिवस उघडंल म्हून."

"मग मला कधी विचारलं का नाही?"

बाबांनी डायरी खिशात ठेवली. "गाडी दिसली नाई म्हून डायवरले फोन नसते करत, बाई. यायची असली का येते."

इतकी वर्षं मी त्या ओळीत तिचं तोंड पाहत होते आणि ते माझ्या बापाचं होतं. दुपारभर तिच्या केंद्रात बसणारा माझा बाप सकाळी सगळ्यात आधी माझं नाव आलं का ते बघत होता. आणि आमची खिडकी, म्हणजे मी, त्यांना रोज सांगत होते, असं काही नाही.

त्याच सकाळी, बाबा तिकडे जायच्या आधी, मी स्टँडसमोरचा रस्ता ओलांडून अकरा नंबरमध्ये गेले. ती जमिनीवर मांडी घालून मातीच्या पिशव्यांना चिठ्ठ्या बांधत होती. दोन शेतकरी बाकावर होते. मला पाहून तिनं नुसता सरकून शेजारी जागा केली.

"अर्ज कर परत," मी म्हटलं. "गावाच्या नावाचा."

"नियम हाये ना."

"तो नियम मी लिहिला होता."

"माहीत हाये मले." तिनं चिठ्ठीची गाठ मारली, दुसरी पिशवी ओढली. "कलमाखाली तारीख असते. अर्ज माहा सकाळचा, नियम त्याच दिसाचा. मी काय अडाणी हावो काय?"

"मग बोलली का नाहीस? वर तक्रार का नाही केली?"

"काय बोलू? तुह्या घरी चार म्हैने जेवली मी. येका नावासाठी तक्रार करू काय?"

बाकावरचा शेतकरी आमच्याकडे बघायला लागला. मला रडू यायला हवं होतं. खरं सांगते, आधी आली ती जळजळ. यातही तीच मोठी निघाली. मी पाप कबूल करायला आले आणि हिनं ते केव्हाच माफ करून पिशवीत बांधून ठेवलेलं. मला माझी लाजसुद्धा पहिल्यांदा वापरायला मिळाली नाही.

"सगळ्या केंद्रांना गावाची नावं परत मिळतील," मी म्हटलं.

"देजो. पण अकरा मी पुसनार नाई. लोकाइले सवय झाली." आणि एक पिशवी माझ्याकडे सरकवली. "बसलीच हाये तं याले गाठ मार."

मी बाबांच्या जेवणाची वेळ होईपर्यंत गाठी मारल्या.

कलम काढायलाही कारण लिहावं लागतं. तिथे मला खोटं काही सुचलं असतं, मला त्याची सवय आहे. मी लिहिलं, हा नियम मी एका व्यक्तीला नाव मिळू नये म्हणून लिहिला होता. साहेबांनी फोन केला, म्हणाले, यापुढे वहीवर दोन सह्या लागतील. बरोबरच होतं. एकटीची मालकी गेली, आणि इतकं होऊनही ती गेल्याचं दुःख मला त्या दुसऱ्या सगळ्या दुःखापेक्षा दोन दिवस जास्त वाटलं. मग मी राखीव यादीतून गावाचं नाव काढलं, तिच्या अर्जावर सही केली आणि दुसरी सही होऊन ते नाव खिडकीत बसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम बाबांच्या समोर बसले, संगणक न उघडता. आंघोळ, पूजा, चष्मा, डायरी. एकेक अक्षर. मग त्यांच्या भुवया वर गेल्या.

"आली," ते म्हणाले. "आली वं." आतून आई हात पुसत बाहेर आली. बाबांनी घड्याळात बघितलं आणि डायरीत त्या अक्षरांपुढे वेळ लिहून खूण केली, चौकशीच्या रजिस्टरात आलेल्या गाडीपुढे करायचे तशी. मग चष्मा सावरून वाचायला लागले. वर पोपटी अकरा होता. खाली केंद्राची वेळ, माती कशी आणायची, आणि तिचा फोटो, एका म्हाताऱ्याच्या हातावरची माती बघत असतानाचा.

बाबांनी बोटानं पान वर केलं, खाली केलं, पुन्हा वर केलं.

"हे तं थिचं हाये," ते म्हणाले.

"हो बाबा. तिच्या केंद्राचं."

"अन् तुह्यं?"

मी म्हटलं, नाव तिचं असलं तरी ते उघडलं मी, खिडकी माझी आहे, मी हो म्हटल्याशिवाय ते कुणालाच दिसलं नसतं. बाबा ऐकत होते. त्यांना हे कळायला हवं होतं, जन्मभर त्याच खिडकीत बसलेला माणूस. त्यांनी मान हलवली, कळलं अशी. मग डायरीचं ते पान उलटलं, कोरं पान काढलं, त्यावर हात फिरवला आणि खिशाचं पेन उघडलं.

"बरं. हे थिचं झालं," ते म्हणाले. "आता तुह्यं कोणतं थे सांग. थे पाह्यत जाईन सकाळी."

माझ्या वहीत पानंच्या पानं नावं आहेत, सगळी मीच दिलेली. त्यातलं एकही माझं नव्हतं. मी म्हटलं, "थांबा बाबा, चहा टाकते," आणि आत गेले. चहाला उकळी आली तरी ते बाहेर पेन उघडं धरून बसले होते.